स्कोअर 8.15 म्हणजे नेमकं किती काळं? ऑर्गनाइज्ड क्राइम इंडेक्स वापरून बघितला

कुठल्या देशात दोन नंबरचे धंदे किती चालतात असं कोणी विचारलं की मी पण आधी बिनधास्त अब्ज डॉलरचे आकडे फेकायचो, आणि आकडा आणला कुठून असं विचारलं की गप्प. काळ्या बाजाराची पावती कुठे फाटते? जगाच्या जीडीपीच्या 2 ते 5 टक्के काळा पैसा दरवर्षी पांढरा होतो म्हणतात ना, तो अंदाज 1998 मध्ये तेव्हाच्या आयएमएफ प्रमुखांनी एका भाषणात मांडलेला, आणि लोक अजून तोच उगाळतायत.

म्हणून हा इंडेक्स उघडला. जिनिव्हाची ग्लोबल इनिशिएटिव्ह अगेन्स्ट ट्रान्सनॅशनल ऑर्गनाइज्ड क्राइम ही संस्था काढते, पहिला 2021 चा, मी 2023 चा धरून बोलतोय. यूएनचे 193 देश, सगळं फुकट. इथे डॉलर नाहीतच, 1 ते 10 मध्ये मार्क आहेत. 15 धंदे (माणसांची तस्करी, हत्यारं, कोकेन, बनावट माल, खंडणी, सायबर वगैरे) आणि ते चालवणारे 5 प्रकारचे लोक, दोन्हींची सरासरी म्हणजे त्या देशाचा क्रिमिनॅलिटी स्कोअर. म्यानमार 8.15 घेऊन सगळ्यात वर, मग कोलंबिया, मग मेक्सिको. तळाला तुवालू, 1.62. आता तुवालूचे पोलीस जगात भारी म्हणून तो खाली नाहीये, एवढ्याशा बेटांवर धंदा करायचा तरी कोणाशी!

बहुतेक लोक इथेच थांबतात, यादीचा स्क्रीनशॉट मारतात आणि भांडायला लागतात. खरा माल पुढे आहे. प्रत्येक देशाला दुसरा एक स्कोअर असतो, रेझिलियन्सचा, म्हणजे हे सगळं रोखायची ताकद किती. कोर्ट, पोलीस, साक्षीदाराला संरक्षण, मनी लाँडरिंगवर लगाम असे 12 मुद्दे. कोलंबिया पहिल्या यादीत दुसरा, पण ताकदीत साडेपाचची रेषा (1 ते 10 चा मधला आकडा) थोडक्यात का होईना ओलांडतो. इटलीचंही तसंच, माफिया आहे आणि माफियाला कोर्टात खेचणारी यंत्रणा पण आहे. म्यानमारकडे दुसरी बाजू जवळपास नाहीच. पहिल्या यादीत म्यानमार आणि कोलंबिया वरखाली चिकटून बसलेत, पण दुसरा आकडा बघितला की दोघांत जमीन-अस्मानाचा फरक.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. धंदा चालवणाऱ्यांमध्ये टोळ्या, परदेशी गँग, खासगी कंपन्या असे प्रकार आहेत, तर जगभरात सगळ्यात वजनदार कोण निघालं? सरकारी यंत्रणेत बसलेले लोक! सिनेमे बघून आपण टोळीवाला, सिगार, बंदूक असं डोक्यात घेऊन बसतो आणि इकडे सही-शिक्क्यावाला पुढे निघून जातो. धंद्यांमध्ये पण ड्रग्ज नाही, आर्थिक गुन्हे वरती आहेत, आणि गंमत म्हणजे 2021 च्या इंडेक्समध्ये हा धंदा वेगळा मोजलेलाच नव्हता, 10 चे 15 केले तेव्हा आला आणि आल्या आल्या पहिला नंबर.

आता तक्रारी. हे मार्क शेवटी तज्ज्ञांनी बसून दिलेत, मोजमाप नाही, त्यामुळे 8 वाला देश 4 वाल्याच्या दुप्पट वाईट असं अजिबात समजू नका. दुसरं म्हणजे सरासरी. एखाद्या देशात कोकेन धो धो वाहतंय पण जंगलतोड, प्राण्यांची तस्करी जेमतेम असली तर एकूण स्कोअर गुळगुळीत होऊन जातो, मग वरचा आकडा सोडून एकेका धंद्याचा आकडा उघडावाच लागतो. आणि दर दोन वर्षांनी निघतो हे फार स्लो आहे. तालिबानने एप्रिल 2022 मध्ये अफूवर बंदी घातली आणि यूएनच्या ड्रग्ज ऑफिसप्रमाणे 2023 मध्ये तिथली लागवड 95 टक्क्यांनी पडली, अफूत म्यानमार पुढे गेला. एका हंगामात बाजार देश बदलतो आणि हा इंडेक्स दोन वर्षं जुन्याच मार्कांवर बसलेला.

तरी 5 पैकी 4 स्टार. एक कापला तो नकाशासाठी, तिथे अख्ख्या देशाला एकच रंग फासतात, मग बंदराचं शहर आणि आतलं खेडं सारखंच लाल दिसतं. नकाशा सोडा, देशाच्या पानावर जाऊन खालचा मजकूर वाचा, कोण कोणाला सांभाळून घेतं ते तिथे बरंचसं सरळ लिहिलंय.