टिकाऊ लाकडाच्या नावाखाली विकलेली रोपे

आपल्या भागात टिकाऊ कठीण लाकडाचा उद्योग उभा राहावा, रोपवाटिकेपासून लाकूड कापणाऱ्या गिरणीपर्यंतची साखळी जवळपासच असावी, या विचाराने एकत्र आलेल्या आम्हा जमीनमालकांना एका रोपविक्रेत्या कंपनीने कसे फसवले, ते इतरांना कळावे म्हणून लिहीत आहे.

कंपनीने पुढे केलेली कल्पना खोटी नव्हती. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेल्या पाइनच्या खांबांऐवजी मुळातच टिकाऊ असलेले लाकूड वापरावे, यासाठी न्यूझीलंडमध्ये २००८ पासून निलगिरीच्या निवडक जातींवर काम चालू आहे. खोटा होता तो नमुना. आम्हाला दाखवलेला खांब बरीच वर्षे जमिनीत पुरलेला असूनही शाबूत होता, मात्र तो नैसर्गिक जंगलातील जुन्या झाडाच्या गाभ्यातून काढलेला आहे, हे लपवण्यात आले.

बुरशी आणि वाळवीला रोखणारी द्रव्ये खोडाच्या मधल्या लाकडात साठतात. बाहेरचा फिकट थर, म्हणजे रसकाष्ठ, उत्तम जातीचे असले तरी जमिनीत कुजते. युरोपीय मानक ईएन ३५० मधील १ ते ५ या टिकाऊपणाच्या वर्गांत, वेगळा पुरावा नसेल तर कोणत्याही जातीचे रसकाष्ठ पाचव्या, म्हणजे सर्वांत खालच्या वर्गात धरतात. कोवळ्या झाडात हाच थर मोठा असतो. शिवाय एकाच जातीच्या, एकाच वयाच्या झाडांतही गाभ्याचे प्रमाण बरेच वेगळे निघते, आणि हा गुण मोठ्या अंशी आनुवंशिक असल्याने बी कोणत्या झाडाचे आहे याला फार महत्त्व येते. ‘निवड बियाण्याची’ म्हणून विकलेल्या आमच्या रोपांच्या मातृवृक्षांची कोणतीही नोंद कंपनीकडे नव्हती. लेखी मागणी केल्यावरच हे उघड झाले.

विरळणीत तोडलेल्या झाडांच्या आडव्या छेदात गाभा जेमतेम दिसला, आणि कापताच अनेक फळ्या टोकांना चिरल्या. पुनर्खरेदीची हमी ज्या दुसऱ्याच कंपनीच्या नावाने लिहून दिली होती, ती तोवर बंद झाली होती. रोपविक्रेत्याने मग त्या हमीशी आपला संबंध नसल्याचे कळवले. माझ्या मते ही व्यवस्था पहिल्यापासून ठरवूनच केलेली होती.

रोपे घेण्यापूर्वी बियाण्याच्या खेपेची नोंद आणि त्याच बियाण्याच्या, विरळणीच्या वयाच्या झाडाची चकती अवश्य मागावी. निलगिरीच्या चकतीवर मिथिल ऑरेंजचे द्रावण लावले की गाभा गुलाबी-लाल होऊन वेगळा दिसतो. उभ्या झाडातून पोकळ गिरमिटाने बारीक नमुना काढूनही ही चाचणी करता येते. करारात गाभ्याची किमान टक्केवारी, तो मोजण्याची पद्धत आणि मोजणारी त्रयस्थ व्यक्ती स्पष्ट लिहिलेली असावी, आणि हमीवर रोपे विकणाऱ्याचीच सही असावी.