कापूस सरकारी खरेदी केंद्रावर न्यावा की व्यापाऱ्याला द्यावा?

धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, पंचवीस क्विंटल कापूस घरात आहे. कुठं देऊ?"

भावाची खात्री केंद्रावर. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल, बाजार पडला तरी तोच. पण ओलावा ८ टक्क्यांवर गेला की कपात, १२ च्या वर गाडी परत. माझी एकदा परतली. दवात भरलेला कापूस होता, मूठ दाबली की हाताला गार लागायचा.

व्यापारी दारात काटा लावतो, रोख मोजतो. भाव मात्र तो सांगेल तो.

अर्थतज्ज्ञ हायेक यांचं म्हणणं, भाव म्हणजे माहिती. सरकारनं तो ठरवला की कुठं टंचाई, कुठं सुकाळ हे कळत नाही. शेतकरी संघटनेचे शरद जोशीही खुल्या बाजारासाठी झटले. १९७२ ची एकाधिकार खरेदी पाहिलेल्या माणसाला ते पटतंच, तेव्हा सरकारशिवाय दुसऱ्याला विकायची मुभाच नव्हती. पण गावात एकच व्यापारी येत असेल तर त्याला मी खुला बाजार म्हणणार नाही.

कापूस वाळलेला, नोंदणी झालेली, पैशासाठी थांबायची ऐपत असेल तर केंद्र. बी-खताच्या दुकानाची उधारी डोक्यावर आणि माल थोडा असेल तर व्यापारी, पण दोघातिघांना भाव विचारूनच.