मिकासा कंपनीचा चार नंबरचा वॉटरपोलो बॉल: मुलींनी हाच घ्यावा

लेक चौदा वर्षांची, परळहून रोज पहाटे वॉटरपोलोच्या सरावाला जाते. हात माझ्यासारखाच लहान. खोल पाण्यात पोहत, बॉल गोलमध्ये मारायच्या या खेळात गोलकीपर सोडला तर कुणालाच बॉल दोन्ही हातांनी धरता येत नाही, आणि तळाला पाय टेकवायची सोय नाही. दोन वर्षं ती पुरुषांच्या पाच नंबरच्या बॉलने खेळली, कारण सरावाला तोच मिळतो. शॉट मारायला हात मागे नेला की बॉल निसटायचा. मग ती घाबरून पासच द्यायची.

दोन्ही बॉलचं वजन सारखंच, ४०० ते ४५० ग्रॅम. घेर मात्र पाच नंबरचा ६८ ते ७१ सेंटिमीटर, मुलींच्या चार नंबरचा ६५ ते ६७. टेपने मोजलं तर फरक किरकोळ. ओल्या पंजाला तो लगेच कळतो.

शोधायला आम्ही धोबीतलावच्या खेळाच्या दुकानांत गेलो. दोन दुकानांत वॉटरपोलो म्हटल्यावर व्हॉलीबॉल पुढे केला. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी माळ्यावरून मिकासाचा खोका काढला. बॉल हवा काढून चपटा केलेला होता, पंप वेगळा घ्यावा लागला. सुई आधी पाण्यात बुडवा, कोरडी खुपसली तर व्हॉल्व्ह फाटतो. हवा सात ते आठ पीएसआय पुरे, मुलींच्या बॉलला तेवढीच लागते. किंमत खिशाला जड आहे, हे खरं. आधी घेतलेला स्वस्तातला बॉल एका पावसाळ्यात गुळगुळीत झाला होता, म्हणून मन घट्ट केलं.

अमेरिकेची वॉटरपोलोपटू मॅगी स्टेफन्स, तिचे सामने आम्ही दोघी जेवताना बघतो. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये, एकोणीस वर्षांची असताना, पहिल्याच सामन्यात तिने हंगेरीवर सात गोल केले. अमेरिका १४-१३ अशी जेमतेम सुटली. फायनलला स्पेनला ८-५ हरवलं, त्यातले पाच तिचे. पुढे रिओ आणि टोकियोचं सुवर्ण कॅप्टन म्हणून. तिचे वडील पोर्तो रिकोसाठी वॉटरपोलो खेळलेले, बहीण जेसिका लंडनला त्याच संघात. अशा घरात बॉल लहानपणापासून पोरांच्या हाताशी असणारच. आमच्या घरात योग्य मापाचा बॉल यायला दोन वर्षं लागली, याची मला अजून रुखरुख आहे.

आता बॉल घरातच असतो. संध्याकाळी ती गच्चीवर टाकीच्या भिंतीवर एका हाताने मारते, एका हाताने झेलते. पहिला आठवडा बोटं दुखली. तिसऱ्या आठवड्यात पाण्यात पहिल्यांदा शॉटची हूल देताना दिसली: एगबीटरवर, म्हणजे पाय गोल फिरवत, छातीपर्यंत वर आली, हात मागे, एकदा थांबली, परत थांबली, कीपर खाली गेला आणि मग मारला. काठावर बसून मी रडले.

काळजी एवढीच, की सराव झाला की बॉल साध्या पाण्याने धुवा, नाहीतर क्लोरीनने पकड जाते. सावलीत वाळवा. गच्चीवर उन्हात विसरू नका.

तिच्या दोन मैत्रिणींच्या आयांनीही घेतले. सरावाला आता चार नंबरचे तीन बॉल असतात, एकसारखे पिवळे, म्हणून आमच्यावर मार्करने नाव लिहिलंय. ते दर रविवारी पुन्हा गिरवावं लागतं.