ऊडनाडाटा ट्रॅकवर एकटीनं : रुंद टायरची स्टील सायकल, सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकते. टायरला दहापैकी दहा, फ्रेमला नऊ, डायनॅमोला पाच आणि पुढच्या कॅरियरला भोपळा.

सायकल क्रोमोली नावाच्या मजबूत स्टीलची, चाकं २९ इंची, टायर २.६ इंच रुंद आणि ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले. एरवी ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडमध्ये ऑफिसला जायला-यायला हीच असते, पण घेतली होती ती उत्तरेला एकटीनं जायचं म्हणून. हिवाळ्यात मॉसन ट्रेलने ब्लिनमनपर्यंत गेले, तिथून लिंडहर्स्ट, मरी आणि मग ऊडनाडाटा ट्रॅक. मरी ते मार्ला सहाशे किलोमीटरच्या थोडा वर, जवळजवळ सगळा कच्चा. मधे वस्ती म्हणायची तर विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा. या दोन्हींच्या आधी, मधे आणि नंतर साधारण दोनदोनशे किलोमीटर दुकान नाही. मार्लाहून डांबरी स्टुअर्ट हायवेने अ‍ॅलिस स्प्रिंग्ज.

दुकानात सायकल घेताना सगळी चर्चा गिअरवर झाली होती. गिअर चांगले आहेत, पुढे जाऊ.

रस्त्याचा खरा त्रास चढाचा नाही, चढ फारसे नाहीतच. जड गाड्यांनी रस्ता पन्हळी पत्र्यासारखा करून ठेवलेला असतो. दोन मैलांत मनगटं सुन्न होतात आणि सामानातला प्रत्येक स्क्रू सैल व्हायला लागतो. डांबरावर मागच्या टायरमध्ये हवेचा दाब पस्तीस पीएसआय ठेवत होते, मरीनंतर बावीसवर आणले, पुढे त्याहूनही थोडे कमी. फरक पहिल्या तासात कळतो. टायर दबतो, खळगे स्वतः गिळतो आणि वाळूच्या पट्ट्यात चाक रुतण्याऐवजी वर राहतं. वाटेत भेटलेला एक जण अरुंद टायरवर होता. नदीच्या कोरड्या पात्रांमधून तो सायकल ढकलत होता, मी बहुतेक ठिकाणी बसून पार झाले.

पंक्चरचं सांगते. सराटे तिकडेही आहेत, अगदी आपल्या माळावरचेच. कॅम्पच्या जागी झाडाखाली सायकल हातानं लोटत नेली की टायरला आठ-दहा चिकटलेच समजा. ट्यूबलेसमधलं सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं पातळ द्रव्य, त्यांना पुरून उरतं. काटा दिसला की उपटायची सवय मात्र मोडावी लागते, कारण आत मोडलेलं टोकच बूच म्हणून काम करत असतं. तक्रार आहे ती टिकण्याची. दोन-तीन महिन्यांत सीलंट वाळतं. आतमध्ये रबराच्या गोळ्या होतात, व्हॉल्व्ह तुंबतो आणि बाहेरून सगळं ठीक वाटत असतानाच हवा जाईनाशी, भरेनाशी होते. व्हॉल्व्हचा गाभा काढायची चिमुकली किल्ली आणि सीलंटची लहान बाटली बरोबर हवीच. एक ट्यूबही ठेवा. मला लागली नाही.

आता कॅरियर. मागचं स्टीलचं, पुढचं अ‍ॅल्युमिनियमचं, हलकं आणि महाग. अल्जिबकिनाला नील्स नदीच्या काठी मुक्काम केला, जुन्या घान रेल्वेचा १८९२चा ५७८ मीटर लांब लोखंडी पूल आहे तिथं. संध्याकाळी पिशव्या उतरवताना पुढच्या कॅरियरच्या डाव्या पायाच्या जोडाजवळ केसाएवढी रेघ दिसली. नखानं दाबल्यावर ती उघडली. तंबूची खुंटी आडवी लावून दोन होज क्लिपांनी आवळली, जड पिशवी मागे टाकली आणि ऊडनाडाटा गाठलं. तिथं वेल्डिंग मशीनवाला माणूस भेटला. त्यानं एकदा बघितलं आणि मान हलवली. स्टील असतं तर पाच मिनिटांचं काम, अ‍ॅल्युमिनियमला त्याच्याकडे इलाज नव्हता. खुंटी अ‍ॅलिसपर्यंत तशीच राहिली. कंपनीला फोटो पाठवले तर उत्तर आलं की हे कच्च्या रस्त्यासाठी नाही. जाहिरातीत मात्र हेच कॅरियर लाल मातीत उभं आहे! नाव लिहीत नाही, पण कॅरियर घेताना लोहचुंबक चिकटतो का बघा. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून त्यांना निळं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद) लावा आणि रोज संध्याकाळी, चहा व्हायच्या आत, सगळे एकदा फिरवून बघा.

डायनॅमो पुढच्या हबमध्ये आहे, सहा व्होल्ट, तीन वॅट. कागदावर छान. पण फोन चार्ज व्हायला ताशी पंधराच्या आसपास वेग सलग लागतो, आणि खडबडीत रस्त्यावर समोरून वारा असताना मी दहाच्या वर जात नव्हते. हायवेवर मागून वारा मिळाल्यावर त्यानं भरभरून काम केलं. ट्रॅकवर पॉवर बँकच तारणहार. मोबाइलला रेंज नसतेच, म्हणून ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी (संकटात उपग्रहामार्फत मदत मागणारं छोटं यंत्र) हँडलबारच्या पिशवीत नाही, अंगावरच्या खिशात ठेवला. त्याला महिन्याचं भाडं नाही, नोंदणीही फुकट आहे. आईला रोज खुशाली कळवायची असेल तर मात्र मेसेज पाठवणारं सॅटेलाइट यंत्र वेगळं घ्यावं लागतं. मी घेतलं, कारण आमच्या आईला ओळखते.

पाणी. हिवाळ्यातसुद्धा स्वयंपाक धरून दिवसाला सहा-सात लिटर लागलं. मरीहून निघताना अठरा लिटर घेतलं होतं, म्हणजे अठरा किलो, आणि सायकल पहिले तीस किलोमीटर म्हशीच्या गतीनं चालली. दहा लिटरच्या मऊ पिशव्या कॅरियरवर पट्ट्यांनी बांधल्या तर घासून भोक पडतं. माझ्या एका पिशवीखाली धुळीत थेंबांची लांब ओळ उमटत गेली होती. टॉवेलमध्ये गुंडाळून पॅनियरच्या, म्हणजे कॅरियरला लटकणाऱ्या पिशवीच्या, आत टाकल्यावर पुन्हा त्रास नाही. ट्रॅकवर ठिकठिकाणी भूगर्भातलं पाणी वर येतं, कॉवर्ड स्प्रिंग्जला तर कोमट डोहात बसताही येतं. पण या भागातलं पाणी बऱ्याचदा खारं असतं, आणि साधा फिल्टर जंतू काढतो, मीठ नाही. फिल्टर आहे म्हणून पाणी कमी घेऊ नका.

स्टोव्ह पेट्रोलचा नेला. काजळी धरतो, भांडी घासताना शिव्या घालाव्या लागतात, पण पेट्रोल प्रत्येक रोडहाउसला मिळतं. गॅसच्या डब्यांची तशी खात्री नाही. जाडे पोहे आणि मेतकूट-भात यांनी मला तारलं. दोन्ही हलके, पाणीही कमी मागतात.

मरीचं एक सांगायचं राहिलं. तिथं उंटांवरून माल वाहणाऱ्या उंटवाल्यांची वस्ती होती आणि जुन्या मशिदीची प्रतिकृती अजून आहे. १८६०च्या दशकात उंट कराचीहून जहाजानं आले, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. पाण्याच्या पिशव्या बांधताना हे आठवून गंमत वाटली.

पावसाबद्दल इशारा. चार थेंब पडले तरी चिखल चाक आणि फ्रेमच्या मधे गच्च बसतो, चाक फिरत नाही. माझ्या फ्रेममध्ये टायरच्या बाजूला बोटभर जागा आहे, तीही भरली. रस्ता बंदचा फलक लागला तर मुकाट थांबायचं, गाड्यांनाही दंड होतो. फ्रेमला नववा गुण दिला तो याच जागेसाठी, दहावा दिला नाही कारण बाटलीच्या स्टँडची एक भोकं-जोडी फारच खाली आहे.

कोणी घ्यावी? फक्त स्टुअर्ट हायवेनेच जाणार असाल तर एवढा रुंद टायर उगाच ओढाल, दोन इंची पुरे. तिथं प्रश्न रोड ट्रेनचा, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेल्या ट्रकचा असतो, त्रेपन्न मीटर लांब गाडी मागून आली की मी सरळ रस्त्याखाली उतरत होते, आणि त्यासाठी आरसा लागतो. सायकलबरोबर तो येत नाही. माश्यांची जाळीही येत नाही, ती मात्र पोर्ट ऑगस्टाच्या आतच घेऊन ठेवा.