नान्शा बंदर (ग्वांगझौ): खान्देशातल्या आयातदाराला कितपत परवडतं?

जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत दक्षिण चीनहून येणाऱ्या मालाच्या कागदांवर बहुतेक वेळा ‘एफओबी शेन्झेन’ (शेन्झेन बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा खर्च सप्लायरचा, पुढचा आपला) असंच लिहिलेलं असतं. सप्लायरने कोटेशनमध्ये टाकलं म्हणून ते आपल्या ऑर्डरमध्येही तसंच उतरतं. माल फोशानचा असेल तर हे सरळसरळ नुकसान आहे. पूर्ण कंटेनर घेणाऱ्याने नान्शा बंदर मागून घ्यावं. आमच्या मते पूर्ण कंटेनरसाठी हे बंदर पाचपैकी साडेचार गुणांचं, सुट्या मालासाठी (एकाच कंटेनरमध्ये अनेकांचा माल) जेमतेम तीन.

नान्शा हा ग्वांगझौचा अगदी दक्षिणेकडचा जिल्हा, शहराच्या मध्यापासून साधारण ५० किलोमीटरवर, पर्ल नदी समुद्राला मिळते तिथे. जुनं हुआंगपू बंदर नदीत आत आहे आणि मोठ्या जहाजांना तिथे पुरेसं खोल पाणी मिळत नाही, म्हणून लोंगशुए बेटावर नवे धक्के बांधले गेले. पहिला टप्पा २००४ मध्ये सुरू झाला, २०१५ मध्ये मुक्त व्यापार क्षेत्राचा दर्जा मिळाला, २०२१ च्या अखेरीस मालगाडीचा रूळ थेट बंदरात आला आणि जुलै २०२२ मध्ये बिनड्रायव्हरच्या गाड्यांचा, पूर्ण स्वयंचलित चौथा टप्पा चालू झाला. एकदा कंटेनर गेटच्या आत गेला की काम चोख होतं. उशीर होतो तो गेटच्या बाहेर.

बंदर ठरवताना एकच प्रश्न विचारा: कारखाना नदीच्या कोणत्या काठावर आहे? फोशान, शुंदे, झोंगशान, जियांगमेन हा सगळा पश्चिम काठ. टाइल्स, फर्निचर, घरगुती उपकरणं, झोंगशानमधल्या गुझेनचे दिवे, कायपिंगचे नळ असा माल या बाजूचा, आणि त्याला नान्शा जवळ पडतं. डोंगग्वानचे मोल्ड किंवा शेन्झेनचं इलेक्ट्रॉनिक्स पूर्व काठावरचं. त्यासाठी शेन्झेनची यानतियान किंवा शेकोउ ही बंदरंच बरी. २०१९ चा नान्शा पूल आणि २०२४ चा शेन्झेन-झोंगशान मार्ग झाल्यापासून काठ बदलणं सोपं झालंय, पण ट्रेलरचं भाडं शेवटी मालाच्या किमतीतच लागतं. कागदावरचं स्पेलिंगही नीट वाचा. ‘नान्शान’ हा शेन्झेनचा जिल्हा आहे, शेकोउ तिथेच येतं. एका अक्षराने बुकिंग खाडीच्या पलीकडे जातं. नुसतं ‘एफओबी ग्वांगझौ’ही चालवून घेऊ नका, कारण त्यात हुआंगपूही बसतं.

नान्शाची खरी ताकद म्हणजे बार्ज, म्हणजे नदीतल्या सपाट तळाच्या मालवाहू नावा. आतल्या नदीबंदरांवरून लहान बार्ज कंटेनर आणून जहाजाला देतात, ते ट्रेलरपेक्षा स्वस्त पडतं. पण बार्जचा कटऑफ (माल पोचवायची शेवटची वेळ) जहाजाच्या कटऑफच्या आधी येतो. बार्ज हुकली की कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला जातो आणि सप्लायर मात्र ‘माल वेळेत निघाला’ असंच कळवतो. माल तयार झाला की तीन गोष्टी लेखी मागा: बार्ज की ट्रेलर, त्याचा कटऑफ, आणि भरलेल्या कंटेनरच्या तपासलेल्या वजनाचा, म्हणजे व्हीजीएमचा दाखला. जुलै २०१६ पासून व्हीजीएमशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढवता येत नाही.

आता दराचा विषय, कारण आपले लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. चीनमधला फॉरवर्डर (माल पाठवण्याची सोय करणारा एजंट) सीआयएफ न्हावाशेवा, म्हणजे भाडं आणि विमा धरलेल्या सौद्यात, भाडं इतकं कमी देतो की मोह होतो. सुट्या मालात तर कधीकधी शून्य भाडं. ती तूट न्हावाशेवाच्या एजंटकडून भरून काढली जाते: डिलिव्हरी ऑर्डर (डीओ, माल सोडण्याचा कागद), डीस्टफिंग (कंटेनर खाली करणं), सीएफएस (बंदराजवळचं कंटेनर गोदाम) हँडलिंग, डॉक्युमेंटेशन अशा नावांनी बिल येतं आणि ते भरल्याशिवाय डीओ सुटत नाही. त्यामुळे एफओबी घ्या, भाडं आपल्या फॉरवर्डरकडून ठरवा आणि दोन्ही टोकांचे चार्ज एकाच कागदावर आधी लिहून घ्या. भाड्याचं बिल जपून ठेवा. भाड्याचा पुरावा नसेल तर कस्टम एफओबी किमतीच्या २० टक्के भाडं धरतं, विम्याचा नसेल तर १.१२५ टक्के, आणि ड्युटी त्या वाढीव आकड्यावर बसते.

सुट्या मालाचं, म्हणजे एलसीएलचं गणित वेगळं. एक सीबीएम (घनमीटर) किंवा एक टन, यातलं जे जास्त भरेल त्यावर भाडं. साडेतीन सीबीएमची पेटी १.४ टनांची असली तरी साडेतीनचेच पैसे, ०.६ सीबीएमचा मोल्ड १.१ टनांचा असेल तर १.१ चे. माल १४-१५ सीबीएमच्या पुढे गेला की पूर्ण २० फुटी कंटेनरचा भाव काढून बघाच. त्यात कागदोपत्री ३३ सीबीएम जागा असते, प्रत्यक्षात २६ ते २८ भरते. एलसीएलसाठी नान्शाचा हट्ट मात्र धरू नका. फॉरवर्डरचं गोदाम जिथे असेल तिथूनच तो माल जमवून भरतो.

पॅकिंगवर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. नदीच्या मुखाशी मार्च-एप्रिलमध्ये हवा इतकी ओली असते की भिंतींना पाणी सुटतं. त्या हवेत बंद केलेला कंटेनर समुद्रात रात्री थंड झाला की आतल्या छताला थेंब धरतात आणि मालावर गळतात. जळगावात पेटी उघडल्यावर स्क्रूवर आणि डायच्या तोंडावर तांबूस पट्टे दिसतात ते यामुळेच. डायला गंजरोधक तेल, त्यावर व्हीसीआय (गंज रोखणारी) पिशवी, कंटेनरमध्ये टांगलेले डेसिकंट (ओल शोषणारे पुडे) आणि वरच्या पेट्यांवर जाड कागद, एवढं ऑर्डरमध्येच लिहा. लाकडी पेटीवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह आणि ‘एचटी’ (उष्णतेची प्रक्रिया) असा आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का हवा. पेटी बंद करण्याआधी त्या शिक्क्याचा फोटो मागवा आणि तो आल्यावरच मालाच्या किमतीचे बाकीचे ७० टक्के पाठवा.

थेट जहाज असेल तर न्हावाशेवापर्यंत साधारण अडीच-तीन आठवडे धरा. वाटेत सिंगापूर, पोर्ट क्लांग किंवा कोलंबोला बदली असेल तर त्याहून जास्त. जून ते सप्टेंबर वादळांचा काळ. इशारा आला की सगळ्यात आधी बार्ज थांबतात, म्हणून त्या दिवसांत ट्रेलरचे पैसे देणं शहाणपणाचं. चिनी नववर्षाआधीचे तीन आठवडे आणि १ ऑक्टोबरची सुट्टी टाळता आली तर टाळा. हंगामाआधी मशीन हवी असेल तर हे दिवस मागे मोजूनच ऑर्डर द्या.

इकडे बिल ऑफ एंट्री (कस्टमकडे भरायचं आयातीचं घोषणापत्र) जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरलेलं हवं. नाहीतर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये दंड लागतो. बीएलची (जहाज कंपनीच्या मालपावतीची) कॉपी हातात आली की त्याच दिवशी सीएचएकडे (कस्टम एजंटकडे) द्या. एलईडी दिव्यांना बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी लागते. ती दिवे बनवणाऱ्या कारखान्याच्या नावावर आहे का हे पैसे पाठवण्याआधी बघा. प्लास्टिक प्रोसेसिंग मशीन चिनी असेल तर अँटी-डंपिंग ड्युटी (फार स्वस्त आयातीवरचा जादा कर) बसते का, हेही सीएचएला एचएस कोडसकट (मालाच्या कस्टम वर्गीकरणाचा आकडा) विचारा.

कंटेनर थेट जळगाव-धुळ्याला आणायचा की सीएफएसवर खाली करून ट्रकने, हे मशीन बघून ठरवा. थेट आणला तर माल एकदाच हाताळला जातो, पण रिकामा कंटेनर शिपिंग लाइनच्या मोफत मुदतीत परत पोचवावा लागतो. कसारा घाटातला खोळंबा आणि रविवार धरून किमान १४ दिवसांची मुदत बुकिंगच्या वेळीच मागा. नंतर मिळत नाही. आपल्याकडच्या शेडांना डॉक (ट्रकच्या उंचीचा ओटा) नसतो आणि ट्रेलरवर कंटेनरचा तळ छातीच्या उंचीवर येतो. हायड्राची (फिरत्या क्रेनची) बूम आत शिरत नाही, कारण २० फुटीचं दार जेमतेम २.२८ मीटर उंच असतं. म्हणून सप्लायरला मशीन लोखंडी स्किडवर (ओढता येणाऱ्या चौकटीवर) बसवायला आणि दाराकडच्या टोकाला ओढायचे हूक ठेवायला सांगा. मग चेन लावून स्किड दारापर्यंत ओढता येतो आणि तिथून हायड्रा त्याला उचलते.