अडीच लिटरचा अल्ट्रासोनिक क्लीनर: आठ महिने वापरल्यावर, आणि त्या तोटीबद्दल

सगळ्यात आधी हे सांगतो, कारण घेण्याआधी मला ते कुणी सांगितलं नव्हतं. पाण्यात बारीक थरथर निर्माण करून धातूचे भाग धुणाऱ्या या मशीनला पाणी सोडायची तोटी नाही. स्टीलची टाकी आहे, हीटर आहे, 40 किलोहर्ट्झ आहे, टायमर, जाळीची टोपली, झाकण, सगळं आहे. पण भरलेलं अडीच लिटर पाणी बाहेर काढायचं तर अख्खं मशीन उचलून कलतं करायचं. मी लिहायला बसलोय तो मशीन एकदा बंद पडून, भांडण होऊन, शेवटी घरीच दुरुस्त झाल्यावर. आणि ते बंद पडलं ते या तोटीपायीच. म्हणून हा विषय पुन्हा पुन्हा येणार.

मुळात घेतलं का, ते आधी. माझं डावं मनगट मोडलं. स्कॅफॉइड नावाचं छोटंसं हाड आहे, त्याला रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून ते जुळायला फार वेळ घेतं. प्लॅस्टर निघाल्यावरही डॉक्टर म्हणाले, मोटरसायकल नाही. क्लच दाबायचा नाही, हँडलची थरथर हाताला द्यायची नाही, किती दिवस ते एक्स-रे बघून ठरवू. माझ्याकडे यामाहा आरएक्स 100 आणि कास्ट आयर्न इंजिनची जुनी बुलेट 350 अशा दोन गाड्या आहेत, आणि दोन्ही उभ्या राहिल्या. चालवायला बंदी होती, हात लावायला नव्हती. मी रोज संध्याकाळी स्टूल घेऊन त्यांच्याशेजारी बसायला लागलो.

उभी गाडी कशी खराब होते हे जुनी गाडी असलेल्याला वेगळं सांगायला नको. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग; त्याच्या वाटीत राहिलेल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे मधासारखा चिकट राप उरतो. त्या पेट्रोलात इथेनॉल असेल तर ते हवेतली ओलही ओढून घेतं. सगळ्यात आधी बुजतो तो पायलट जेट, म्हणजे आयडलिंगला (गाडी उभी असताना इंजिन मंद चालतं तेव्हा) पेट्रोल देणारा छोटा पितळी तुकडा, कारण त्याचं भोक सगळ्यात बारीक. मग गाडी चोकवर सुरू होते, चोक काढला की बंद पडते. आरएक्सचं तेच झालं होतं.

एरवी मी कार्बोरेटर पेट्रोल, ब्रश आणि तार घेऊन साफ करायचो. आता डाव्या हातात बॉडी घट्ट धरून उजव्याने घासायचं तर मनगटातून कळ यायची. म्हणून हे मशीन. पैसे देताना हात आखडलाच होता. तोटीवाला मोठा नमुना जवळजवळ दुप्पट किमतीचा होता, म्हणून तो सोडला. त्या निर्णयाचा मला अजून राग येतो.

पहिला महिना वाईट गेला. आरएक्सच्या वाटीचे स्क्रू काढतानाच अर्धा जीव गेला. जुन्या जपानी गाड्यांचे हे स्क्रू दिसायला साध्या चौफुलीसारखे असतात, पण त्यांचा खाचा वेगळ्या मापाचा असतो. साधा स्क्रूड्रायव्हर वर चढतो आणि डोकं खाऊन टाकतो. जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर घेतल्यावर चारही न कुरकुरता सुटले. एअर स्क्रू (पायलटच्या वाटेतली हवा कमी-जास्त करणारा) आधी मोजत आत घट्ट केला, दीड आटा भरला, तो आकडा भिंतीवर पेन्सिलीने लिहिला आणि मग तो बाहेर काढला. बॉडी टोपलीत ठेवली, कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे थेंब, आणि बटण दाबलं.

बाहेरून बॉडी अशी निघाली की मी ती घरात सगळ्यांना दाखवत फिरलो. कोपऱ्याकोपऱ्यातली काळी घाण धुरासारखी पाण्यात उतरताना दिसत होती. पण गाडीला लावली तर आयडलिंग तसंच, चोक काढला की बंद. पुन्हा काढली, पुन्हा धुतली, तेच. विकणाऱ्याला मी तेव्हा जे लिहिलं ते रागात लिहिलं होतं: मशीन नुसतं वरवरचं साफ करतं, आतल्या वाटांपर्यंत पोचत नाही.

ते मत मी मागे घेतो. चूक ठेवण्यात होती.

हे मशीन काम कसं करतं ते समजल्यावर उलगडा झाला. टाकीच्या तळाला चिकटवलेला ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेवर थरथरणारा भाग, सेकंदाला चाळीस हजार वेळा थरथरतो. पाण्यावरचा दाब तितक्याच वेळा कमी-जास्त होतो, दाब कमी झाला की डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे तयार होतात आणि लगेच कोसळतात. त्या कोसळण्याचा मार म्हणजे सफाई. पण हे सगळं पाण्यात होतं, हवेत काहीच होत नाही. मी बॉडी ज्या बाजूने ठेवत होतो तिथे पायलटच्या वाटेत हवा अडकून राहत होती. तिसऱ्या खेपेला बॉडी पाण्याखाली हळूहळू फिरवली. एका ठराविक कोनात आल्यावर त्या बारीक भोकातून बुडबुड्यांची माळ वर आली, एकामागोमाग एक, आणि मग थांबली. बॉडी त्याच कोनात तारेने बांधून ठेवली. दहा मिनिटांनी त्याच भोकातून तपकिरी रंगाची एक बारीक रेघ पाण्यात उतरायला लागली. ती रेघ मी किती वेळ बघत बसलो होतो ते मलाच आठवत नाही.

नंतर प्रत्येक वाटेत हवा मारली, कारण सुटलेली घाण आतच राहू शकते. जोडणी केली, एअर स्क्रू भिंतीवरच्या आकड्यावर आणला. किक मारायची मला मनाई, म्हणून पुतणीला बोलावलं. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. ती म्हणाली, "काका, चोक आत ढकलू?" म्हटलं, ढकल. गाडी चालूच राहिली. टू-स्ट्रोकचा तो निळसर धूर आणि टणटणणारं आयडलिंग, आणि मी मनगटाला पट्टा बांधून शेजारी उभा.

अजून काही गोष्टी मी चुका करून शिकलो, त्या पटकन सांगतो. ताजं पाणी घेतलं की आधी पाच-दहा मिनिटं मशीन भाग न घालता नुसत्या पाण्यावर चालवायचं, म्हणजे पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते, नाहीतर ती मार झेलून घेते. पाणी पन्नास-साठ अंशांपर्यंत गरम असलं की काम चांगलं होतं. मशीनचा जोर तपासायचा तर ॲल्युमिनियमची पातळ फॉइल मिनिटभर उभी धरा, सगळीकडे सारखी छिद्रं पडली पाहिजेत. भाग तळावर कधीच ठेवायचा नाही, टोपलीतच. रबरी ओ-रिंग आणि फ्लोट (वाटीतला तरंगणारा भाग) आधी काढून घ्यायचे. आणि टाकीत पेट्रोल किंवा थिनर ओतायचा विचारही करू नका. खाली हीटर आहे, आत वीज आहे, वाफ पेट घेईल.

बुलेटच्या फ्लोटची वाटी मात्र मी खराब केली. कपड्यांची पावडर गरम पाण्यात टाकली आणि अर्धा तास विसरलो. अल्कधर्मी द्रावण गरम असताना ॲल्युमिनियमला खातं. वाटी काळपट झाली आणि तो रंग आजही गेलेला नाही. वापरात फरक नाही, पण रोज नजरेला खुपते.

आता तोटी.

कार्बोरेटर धुतला की पाणी काळं होतं. ते फेकल्याशिवाय पुढचा भाग घालता येत नाही, नाहीतर एकाची घाण दुसऱ्यात बसते. मशीनचं वजन आणि पाण्याचं वजन मिळून चार-साडेचार किलो. धडधाकट माणसाला हे काहीच नाही. पण मी हे यंत्र ज्या मनगटासाठी घेतलं त्याच मनगटावर ते वजन प्रत्येक वेळी येत होतं. शिवाय ओतण्याची दिशाही नीट नाही: मशीन मागच्या बाजूने कलतं केलं तर वायर मध्ये येते, आणि पुढच्या बाजूने केलं तर पाणी बटणांच्या पॅनेलवरून ओघळतं. सूचनापत्रात एका ओळीत लिहिलंय, "वापरानंतर पाणी ओतून टाकावे." कसं ओतावं, कुठल्या बाजूने ओतावं, काही नाही.

चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी कलतं केलेलं असताना मनगट सुटलं. मशीन पडलं नाही, पण पाण्याची एक लाट पॅनेलवर आली. दुसऱ्या दिवशी आकडे दिसेनात, बटणं मुकी.

वॉरंटी होती. सर्व्हिसवाल्यांचं म्हणणं एकच: पाणी आत गेलंय, वॉरंटीत बसत नाही. मी विचारलं, पाणी भरून वापरायचं मशीन आहे, पाणी काढायला उचलून ओतावंच लागतं, मग पॅनेल पाण्यापासून बंद का नाही? उत्तर तेच, दरवेळी वेगळ्या माणसाकडून. पाठवण्याचा खर्च माझा, तपासणीचा खर्च माझा, आणि दुरुस्ती होईलच असंही नाही. तीन आठवडे असे गेले. माझं म्हणणं आजही तेच आहे: हा वापरणाऱ्याचा दोष नाही, मशीनच्या रचनेचा दोष आहे.

शेवटी मावसभावाला बोलावलं, तो इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो. त्याने आधी मला लांब बसवलं. ट्रान्सड्यूसरला शेकडो व्होल्ट जातात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) चार्ज राहू शकतो, म्हणून मशीन रात्रभर प्लग काढून ठेवलं होतं तरी त्याने मीटर लावून खात्री केली. खालचे चार स्क्रू काढले. काचेचा फ्यूज उडालेला, आणि पॅनेलपासून येणाऱ्या वायरच्या पट्टीच्या पिनांवर हिरवट-पांढरा गंज. पिना ब्रशने साफ केल्या, वाळवल्या, फ्यूज बदलला, मशीन सुरू. पॅनेलच्या कडेने त्याने सिलिकॉन लावून दिलं. तीन आठवडे भांडलो तो विषय एका चहाच्या वेळात संपला. कारखान्यात ती सिलिकॉनची रेघ ओढायला किती वेळ लागला असता?

त्यानंतर मी मशीन उचलणं कायमचं सोडलं, आणि त्यातूनच दोन गोष्टी हाताला लागल्या.

पहिली, नळी. बुलेटची बदललेली जुनी पेट्रोलची नळी पडली होती. ती धुवून, स्वच्छ पाण्याने पूर्ण भरायची, दोन्ही टोकं बोटांनी दाबायची, एक टोक टाकीत आणि दुसरं खाली बादलीत सोडायचं. बाहेरचं टोक टाकीच्या तळापेक्षा खाली असलं की पाणी आपोआप वाहत राहतं. तोंडाने ओढायचं नाही, ते पाणी पोटात जाण्यासारखं नाही. तळाला बोटभर पाणी आणि गाळ उरतो, तो फडक्याने टिपून घ्यायचा. वेळ लागतो, पण मनगटाला काही होत नाही.

दुसरी, काचेची बरणी. टाकीत नुसतं स्वच्छ पाणी ठेवायचं, साबणाचं पाणी आणि भाग काचेच्या बरणीत घालून ती बरणी टाकीत, तळाला न टेकवता अधांतरी ठेवायची. थरथर काचेतून बऱ्यापैकी जाते. जाड, मऊ प्लॅस्टिकच्या डब्यात तीच गोष्ट केली तर निम्मा जोर डबाच पिऊन टाकतो, मी दोन्ही करून पाहिलं. बरणीतलं पाणी घाण झालं की फक्त बरणी उचलायची. टाकीचं पाणी आता आठवडाभर बदलावं लागत नाही. जेट आणि ॲल्युमिनियमची बॉडी वेगवेगळ्या बरण्यांत ठेवता येतात हा वरचा फायदा.

यामुळे मशीनबद्दलचं मत पुन्हा बदललं. जेटसाठी तर आता मी दुसरा उपाय वापरणारच नाही. पूर्वी जेट बुजला की स्टीलची तार घालून टोकरायचो. जेट पितळेचा असतो, स्टील त्याला खातं. भोकाचा व्यास नुसता दहा टक्क्यांनी वाढला तरी क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढतं, म्हणजे तेवढं पेट्रोल जास्त. मग आपण एअर स्क्रू फिरवत बसतो, प्लग काळा का होतो म्हणून हैराण होतो. बुलेटचा पायलट जेट बरणीतून काढून दिव्यासमोर धरला तेव्हा त्यातून उजेडाचा एक गोल ठिपका दिसला. कडा स्वच्छ, कुठे ओरखडा नाही. इतकी वर्षं मी या गाडीचा जेट असा गोल कधी पाहिलाच नव्हता, एका बाजूला चपटा दिसायचा, आणि मला वाटायचं तो असाच असतो. पण झिजलेलं भोक धुतल्याने पुन्हा गोल होत नाही, म्हणजे हा जेट मागे कधीतरी माझ्या हातून किंवा कुणाच्या तरी सल्ल्याने बदलला गेला असणार, आणि जुना टोकरून खराब झालेला मी उगाच आठवणीत धरून बसलो होतो. डब्यातले जुने जेट काढून पाहिले. चारांपैकी तीन टोकरलेले निघाले. ते फेकून दिले.

मशीन घ्यावं का? जुनी गाडी असेल आणि ती महिनोन्महिने उभी राहणार असेल तर घ्या. पण पैसे जुळवून तोटीवालाच घ्या. मी जे वाचवले त्यातले बरेच फ्यूज, सिलिकॉन, फोन आणि तीन आठवड्यांच्या मनस्तापात गेले. चित्रात तोटी दिसत नसेल तर ती नाही असंच धरा, वर्णनात "पाणी काढण्यास सोपे" असं लिहिलेलं असलं तरी. माझ्या मशीनच्या वर्णनात तेच लिहिलं होतं.

पुढचा एक्स-रे या महिन्याच्या शेवटी आहे. तोवर बुलेटची बॉडी उद्या टाकीत घालायची आहे, तिच्या वाटा कुठल्या कोनात मोकळ्या होतात ते अजून शोधायचंय. नळी पाण्याने भरून, दोन्ही टोकांना बूच लावून, आजच खुंटीला टांगून ठेवली आहे.