जुनी आउटबोर्ड मोटर घेताना: सीगल, जॉन्सन-एव्हिनरूड की मर्क्युरी?

बडोद्यात राहून जुनी आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवायचे इंजिन, घ्यायची म्हटले, तर ती बहुधा जहाजे मोडली जातात त्या अलंगच्या बाजारातून किंवा एखाद्या जुन्या बंगल्याच्या गॅरेजमधून येते, आणि दोन्हीकडे विकणारा छातीठोकपणे 'पन्नास सालची' असे सांगतो. या सालावर केवळ किंमत ठरत नाही. या मोटरी टू-स्ट्रोक असल्यामुळे पेट्रोलमध्ये तेल किती मिसळायचे हेही सालावरच ठरते, आणि तेल कमी पडल्यास इंजिन जाम होते. म्हणून पुढील तुलनेत वेग आणि ताकद यांपेक्षा कोणती मोटर आपले वय किती सरळपणे सांगते, याला मी अधिक महत्त्व दिले आहे.

ब्रिटिश सीगल ही मोटर १९३१ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन मार्स्टन कंपनीने काढली. पुढे तिचे उत्पादन डॉर्सेटमधील पूल या गावी गेले आणि १९९६ पर्यंत चालले. उघडे फ्लायव्हील (इंजिनवरचे जड चाक), त्यावर हाताने गुंडाळायची दोरी आणि आडवी नळकांड्यासारखी टाकी हे तिचे रूप इतकी वर्षे जवळजवळ तसेच राहिल्याने नुसत्या दर्शनावरून साल सांगू पाहणारा हमखास फसतो. तिचा क्रमांक मात्र बोलका आहे. तो क्रँककेसवर, म्हणजे इंजिनच्या धातूच्या कवचावर, ठोकलेला असतो. सुरुवातीची अक्षरे मॉडेल सांगतात, आणि साठच्या दशकातील बऱ्याच मोटरींवर शेवटी एक अक्षर व एक आकडा असतो, ज्यांपैकी अक्षर महिन्याचे आणि आकडा वर्षाचा. शेवटी 'ई ७' असेल, तर ती मोटर मे १९६७ ची समजावी. सत्तरच्या दशकात तेच आकडे पुन्हा येऊ लागले, तेव्हा अक्षर दोनदा ठोकण्याची पद्धत पडली. मोटरच्या नावाच्या पट्टीवर मार्स्टनचे नाव दिसले, तर मोटर दुसऱ्या महायुद्धापूर्वीची असण्याचा संभव मोठा आहे.

जॉन्सन आणि एव्हिनरूड यांचा विचार एकत्रच करावा, कारण १९३६ पासून ही दोन्ही नावे एकाच मालकीची झाली आणि पुढे पुष्कळ सुटे भाग सामाईक झाले. येथे क्रमांकाइतकीच रचनाही साक्ष देते. जॉन्सनच्या १९४९ च्या दहा हॉर्सपॉवरच्या मोटरीत पुढे-न्यूट्रल-मागे असा पूर्ण गिअर आणि वेगळी टाकी प्रथम आली. ही टाकी हवेच्या दाबावर चालत असल्याने तिला जोडनळी, म्हणजे हवेची एक आणि पेट्रोलची एक अशी दुहेरी नळी, लागे, आणि इंजिनवर पेट्रोलपंप बसू लागल्यावर एकच नळी उरली. त्यामुळे जोडनळीची मोटर साधारणपणे १९४९ ते १९६० च्या दरम्यानची धरता येते. १९६४ च्या सुमारास कंपनीने तेलाचे प्रमाण पन्नासास एक, म्हणजे पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल, असे केले. त्याआधीच्या या काळातील बहुतेक मोटरींना चोवीसास एक लागते. पन्नाशीतल्या मोटरीला नव्या प्रमाणाचे पेट्रोल पाजणे हा तिचा जीव घेण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

साठच्या दशकाच्या अखेरीपासून जॉन्सनच्या मॉडेलक्रमांकातच साल येते: '६ आर ६९' म्हणजे सहा हॉर्सपॉवर, १९६९. एव्हिनरूडचे त्या काळातील क्रमांक निव्वळ आकड्यांचे असल्याने ते तक्त्याशिवाय लागत नाहीत. १९८० पासून दोघांनीही सालासाठी अक्षरे योजली. 'इंट्रोड्यूसेस' या इंग्रजी शब्दाच्या दहा अक्षरांना क्रमाने एक ते नऊ व शून्य अशी किंमत दिली, म्हणजे 'सीओ' असेल तर १९८५. मात्र हे क्रमांक बहुधा बोटीच्या मागच्या फळीला धरणाऱ्या कंसावरील पट्टीवर असतात, आणि इंजिन बदलले तरी कंस जुनाच राहतो. अनेक मोटरींत इंजिनवरही नाण्याएवढी ठोकलेली चकती असते. दोन्हींवरचे क्रमांक जुळत नसल्यास ती जोडकामाची मोटर समजूनच भाव करावा.

कार्ल कीकहेफरने १९३९ मध्ये सुरू केलेल्या मर्क्युरीचे क्रमांक सलग वाढत जातात, त्यामुळे तक्ता हाताशी नसेल तर काहीच कळत नाही. साठच्या दशकाच्या मध्यापासून तिचा काळा रंग रूढ झाला, पण रंग हा पुरावा नव्हे. रंगाचा दुसरा हात मारायला किती वेळ लागतो? पहिली मोटर म्हणून मी हिची शिफारस करणार नाही.

तिन्ही बाबतींत एक खबरदारी सारखीच आहे. पट्टीवर पेटंटची तारीख असेल, तर ती मोटरच्या जन्माची नव्हे. मोटर त्या तारखेआधीची नाही, एवढेच तिच्यावरून सिद्ध होते.

जपून ठेवण्यासाठी आणि हाताने खोलून शिकण्यासाठी घ्यायची असेल, तर सीगल घ्यावी. तिचे भाग थोडे आहेत आणि साध्या पान्यांनी ती सुटते. प्रत्यक्ष पाण्यात वापरायची असेल, तर पन्नास-साठच्या दशकातील जॉन्सन किंवा एव्हिनरूड बरी, कारण जुन्या सीगलला मागे जाण्याचा गिअर नसतो, आणि काठाला लागताना तो नसल्याची किंमत कळते. जॉन्सन-एव्हिनरूडच्या मॅग्नेटोच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाच्या, कॉइलना वयोमानाने तडे जातात, तेव्हा फ्लायव्हील काढून दाखवण्याचा आग्रह धरावा. शिवाय जुन्या सीगलला दहास एक तेल लागते आणि त्यातले पुष्कळसे न जळता पाण्यावर तवंग होऊन पसरते. बडोद्याजवळचा आजव्याचा तलाव महाराज सयाजीरावांनी शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला आहे. तेव्हा कोणतीही मोटर घेण्याआधी ती कोणत्या पाण्यात चालवू दिली जाईल, याची लेखी चौकशी करून घ्यावी.